लोराच्या वहीतला रविवार

१९ एप्रिल २०२५, शनिवार

लोराचा ईमेल आला. अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येते म्हणते! गुरुवारी नागपूरला उतरणार. आधी तिकीट काढलं, मग कळवलं. बरंच केलं. विचारलं असतं तर मी काहीतरी कारण काढलं असतं.

शेवटची ओळ दोनदा वाचली — त्या रविवारचं मी आईंना स्वतः सांगणार आहे, तुम्ही फक्त मराठी करा.

सत्यभामेला एवढंच सांगितलं की सून येते आहे. ती म्हणाली, “येऊ द्या ना. घरच तिचं.” आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

२० एप्रिल

कशातच लक्ष नाही. सायकलचं चाक उगीच उघडलं आणि परत बसवलं.

२१ एप्रिल, सोमवार

लिहून टाकतो. बोलायला कोणी नाही.

आमचा मुलगा धर्मेंद्र गेला मागच्या वर्षी २६ मेला. व्हिएन्ना शहरात, रविवारी. वय तेहेतीस. दोघं ओहायोहून युरोप पाहायला गेली होती, लग्नाला चार वर्षं झाली म्हणून. लोराचा फोन मीच घेतला. ती रडत रडत जे बोलली ते असं — शनिवारी संध्याकाळी प्रागहून रेल्वेने पोचले, दुकानं सहालाच बंद झालेली. दमून तसेच झोपले. भाड्याची खोली गावाच्या टोकाला. रविवारी सकाळी पाहतात तर आजूबाजूचं एक दुकान उघडं नाही. तो म्हणाला भूक लागली. ती म्हणाली, आधी चित्रांचं संग्रहालय पाहू, रांग वाढते, मग खाऊ. तिथलं खाणं फार महाग, म्हणून दुपारी तसेच खोलीवर परत आले. रेल्वे स्टेशनवरची दुकानं रविवारीही उघडी असतात असं कोणी सांगितलं, म्हणून तो काही आणायला निघाला. स्टेशनच्या पायऱ्यांवर बसला. उठला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची नळी बंद होती, जेवला असता तरी वाचला नसता. लोराला ते पटत नाही.

मी फोन ठेवला तेव्हा सत्यभामा दारात उभी होती. माझ्या तोंडावरून तिला समजलंच. कसं, कुठं, काही विचारलं नाही. तिचा पहिला शब्द — “जेवला होता का?”

मी म्हणालो, “हो. वरण-भात खाऊन झोपला. झोपेतच गेला.”

कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. तसं माहीत आहे. तीस वर्षं टपाल खात्यात काढली. इथं सानगडीत पोस्टमास्तर असताना ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची पत्रं, तारा मीच वाचून द्यायचो. वाईट असेल ते सौम्य करून वाचायचं, ही सवयच लागली. केशरबाईचा भाऊ भिलाईत वारला, तेव्हा तारेत सरळ लिहिलं होतं. मी वाचलं — तब्येत जास्त आहे, ताबडतोब निघा. बाई निदान गाडीत बसून तिथवर पोचली. मी चूक केली असं मला कधी वाटलं नाही.

पण सत्यभामेनं त्या वरण-भातावर वर्ष काढलं! कोणीही भेटायला आलं की तिचं एकच — “पोटभर जेवून गेला माझा लेक.” उपाशी गेलेला जीव दाराशी येऊन उभा राहतो असं मानणारी ती. आणि आता लोरा येणार, आणि मीच ते मराठीत करून सांगायचं.

२२ एप्रिल, मंगळवार

प्रितमकडे जाऊन आलो. धर्मेंद्रचा शाळेपासूनचा दोस्त, आता साकोलीला मोबाईलचं दुकान. यंदा धर्मेंद्रची पहिली अक्ती, म्हणजे त्याला पितरात मिळवायचं. त्याच्या वयाचा माणूस पाटावर बसला पाहिजे — त्याचे पाय धुवायचे, आवडीचं वाढायचं. बसणारा जेवला की गेलेला जेवला. जवान माणसाचा पितर बसायला सगळेच तयार होत नाहीत. प्रितम लगेच म्हणाला, “बसतो ना काकाजी. पण काकूनं वडे मोजून नाही वाढायचे!”

मग म्हणाला, “त्याच्या आवडीचं काय काय करून राहिले? मालूम आहे ना तुमाले?”

मी म्हणालो, काकूला विचार.

२४ एप्रिल, गुरुवार

लोरा आली. प्रितमच्या गाडीतून. पाचला घरी. सुती पंजाबी ड्रेस, केस बारीक कापलेले. फोटोत पाहिली होती त्याहून बारीक दिसते. चपला फाटकाबाहेर रस्त्यावरच काढल्या आणि तापलेल्या मातीवर अनवाणी आली! कोणीतरी शिकवलं असेल की चपला बाहेर काढायच्या. बाहेर म्हणजे किती बाहेर, ते सांगायचं राहिलं असेल.

सत्यभामा तिच्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडली, पहिल्या भेटीत रडतात तशी. शेजारच्या बायाही रडल्या. लोरा ताठ उभी. हात कुठं ठेवावे कळेना. मनकर्णाबाई — शेजारची — मला ऐकू जाईल असं म्हणाली, “नवरा मेला तरी डोळ्यात पाणी नाही वो बाई.”

गूळ-पाणी झालं. नंतर लोरा मला हळूच म्हणाली, “बाबूजी, आमच्याकडे लोकांसमोर रडत नाहीत. आतल्या खोलीत जातात.” मी मान हलवली. मीही वर्षभर मोटारपंपाच्या खोलीत जात होतो. ते तिला सांगितलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

त्रेचाळीस अंश. कूलर दुपारी बंद, वीज नाही.

लोरा प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणते. पाणी दिलं — थँक्यू. पंखा तिच्याकडे वळवला — थँक्यू. सत्यभामा वैतागली. “इले सांगा ना, घरच्या माणसाले थँक्यू नाही म्हणत. मले दुकानात बसल्यासारखं वाटते.” मी सांगितलं. लोरा म्हणाली, सॉरी. मग सॉरीचंही तेच!

संध्याकाळी तिनं पिशवीतून वही काढली. निळी, जाड, कोपरे वाकलेले. युरोपात रोज लिहायची — काय वेगळं दिसलं, काय चुकलं. धर्मेंद्रला वहीत नुसतं ‘डी’ म्हणते. तो काय बोलला ते प्रत्येक पानाखाली लिहिलेलं. ती म्हणाली, रोज थोडं वाचते, आईंसाठी. शेवटच्या पानापर्यंत.

म्हणजे शेवटच्या पानावर रविवार.

आज लिस्बन. पोर्तुगालचं शहर. गल्ल्या चढाच्या, आणि दोन्ही बाजूच्या खिडक्यांतून दोरीवर कपडे! चादरी, चड्ड्या, सगळं रस्त्यावर. तिला फार नवल. अमेरिकेत कपडे मशीनमध्येच वाळवतात, तिच्या कॉलनीत अंगणात दोरी बांधायला मनाई आहे. मी मराठी केलं तर सत्यभामेला उलटंच नवल — “मंग ऊन कायले असते तिथं?”

डीचं म्हणणं — इथं मला पत्ता विचारावा लागत नाही, आईची कपड्यांची दोरी दिसते.

हे मी जसंच्या तसं सांगितलं. सत्यभामा उठली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. ते वाळून तीन तास झाले होते.

२६ एप्रिल, शनिवार

आज दोन शहरं वाचून झाली.

पॅरिस. दुकानात शिरताना आधी दुकानदाराला नमस्कार घालायचा म्हणे, मग काय हवं ते विचारायचं. लोरानं सरळ विचारलं, पाव आहे का. बाईनं ऐकलंच नाही! तीन दुकानांत तसंच झालं, लोराला वाटलं आपण अमेरिकन म्हणून. डी हसला आणि पुढं झाला. आधी नमस्कार, तब्येत कशी, गर्मी फार. पाव मिळाला. वर एक जास्तीचा! डीचं म्हणणं — सानगडीत कोणाच्या दारावरून ‘का करून राहिले जी’ न विचारता गेलं तर ते घर वर्षभर बोलत नाही.

सत्यभामा म्हणाली, “मनकर्णाबाईचंच सांगत असन.” मनकर्णाबाई भिंतीपलीकडून म्हणाली, “ऐकू येऊन राहिलं मले!” लोरालाही हसू आलं, कशाला ते न समजता.

प्राग. तिथं हॉटेलात पाणी विकत, आणि बिअर पाण्यापेक्षा स्वस्त. बर्फ मागितला तर वेटर असा पाहायचा की जणू किडनी मागितली. अमेरिकेत बसल्याबरोबर बर्फाचं पाणी फुकट ठेवतात, ती फार चिडली. डीचं म्हणणं — आमच्याकडे अक्तीला मेलेल्यांनासुद्धा घागरभर पाणी फुकट मिळतं, तू सानगडीत मर.

मी थांबलो. लोरानं खूण केली, सांगा. सांगितलं. सत्यभामेनं कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं. मग म्हणाली, “घागर नवीन आणा यंदा. माठ नको. घागरच.”

पुढं प्रागमध्येच डाळीचं सूप आलं. डीनं चमचा न लावता वाटी लोराकडे सरकवली, आणि तिचा पाव घेतला. प्रत्येक गावात डाळ आली की असंच करायचा, असं तिनं लिहिलंय. हे सांगितलं तर सत्यभामा पदर तोंडाला लावून हसली. वर्षात पहिल्यांदा! त्यात हसण्यासारखं काय होतं मला समजलं नाही. पण हसली, चांगलं झालं.

एक वाक्य मी गाळलं. प्रागमध्ये कोणी अनोळखी माणसाकडे पाहून हसत नाही. लोरा सगळ्यांकडे पाहून हसायची, लोकांना ती वेडी वाटायची. खाली डीचं म्हणणं — माझे बाबा इथं शोभले असते. ते अनोळखी माणसाकडे पाहून हसत नाहीत. ओळखीच्याकडेही नाही.

लोरानं विचारलं, हे सांगितलं का? मी म्हणालो, हो.

२७ एप्रिल, रविवार

लोरा सकाळपासून अस्वस्थ. मी गावात भाजी आणायला निघालो तर सोबत आली. दुकानं उघडी, पोट्टे क्रिकेट खेळून राहिले, चहाच्या टपरीवर गर्दी. ती मधेच उभी राहिली. म्हणाली, “सगळं उघडं आहे!” मग म्हणाली, “तिथं सुटीच्या दिवशी दुकान उघडणं कायद्यानं बंद आहे. कामगारांना आराम मिळावा म्हणून. चांगलं आहे ना ते? मला आधी चांगलंच वाटलं होतं. शनिवारी मी वहीत लिहिलं की हे लोक किती शहाणे आहेत, आमच्याकडे चोवीस तास दुकान उघडं. रविवारी आम्ही उपाशी.”

टपरीवरचा डोमा विचारतो, “मॅडमले चहा चालते का जी?” चालते म्हटलं. तिनं उभ्यानं दोन कप घेतले. थँक्यू म्हणाली नाही. पाहिलं माझ्याकडे, बरोबर केलं का म्हणून.

परत येताना तिनं विचारलं, “आज सांगू? रविवार आहे.”

मी म्हणालो, आज नको. अक्ती होऊ दे. सत्यभामेची तब्येत बरी नसते. (तब्येत उत्तम आहे.) लोरा म्हणाली, “अक्तीला त्याच्या नावानं जेवू घालणार ना? मग त्याआधीच सांगायला पाहिजे. नाहीतर मी त्या ताटासमोर कशी उभी राहू?”

बरोबर आहे तिचं. मी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

संध्याकाळी वही. व्हिएन्नाची पहिली दोन पानं. तळमजल्याला तिथं शून्य म्हणतात, वरच्याला पहिला — अमेरिकेत तळमजलाच पहिला — म्हणून रात्री खोली शोधताना ती चुकीच्या दाराला किल्ली लावत राहिली, आतून म्हातारा ओरडला. गाडी एक नसताना लोक लाल दिव्याला उभे राहतात. कॉफीसोबत पाण्याचा ग्लास ठेवतात, आणि एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही. असं तिला धर्मेंद्र सांगत होता, सोमवारी जाऊ म्हणून.

मग पान उलटलं. तारीख २६ मे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं — आय वॉज सेल्फिश टुडे.

सत्यभामा म्हणाली, “का म्हणते?”

मी म्हणालो, “आज थकले, म्हणते. उद्या वाचू.”

लोराला एवढं मराठी कळत नाही. पण ‘थकले’ कळलं असावं. वही मिटली आणि आत गेली.

२८ एप्रिल

चव्वेचाळीस. वही नाही. 

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी साकोलीहून दोन घागरी आणल्या. एक जुन्या पितरांची, एक धर्मेंद्रची. ठोकून पाहून घेतल्या. प्रितम पळसाची पानं देऊन गेला.

दुपारी मागच्या पडवीत सत्यभामा वड्यांसाठी भिजवलेली डाळ निथळत होती. लोरा समोर बसून पानं पुसत होती, पत्रावळींसाठी. मी खुर्चीवर पेपर घेऊन. लोरानं माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात पाहिलं. तिनं पुन्हा पाहिलं. मी पान उलटलं.

मग ती स्वतःच बोलली. मराठीत! मराठी नाही — आपलंच बोलणं, धर्मेंद्रनं शिकवलेलं, तुटकं. एकेक शब्द काढून.

“आई. धर्मू… रविवार. मले भूक लागली, मनला.”

सत्यभामेचा हात डाळीत थांबला.

“मी मनलं — मंग. मंग खाऊ.” तिनं बोटानं दाखवलं, एकदा, दोनदा, तीनदा. “तीन वेळा मनला. मी — मंग, मंग, मंग. दुकान बंद. तो गेला. मंग…” तिच्याकडे पुढचा शब्द नव्हता. हात खाली ठेवला, पायरीवर ठेवतात तसा.

आता सत्यभामा माझ्याकडे पाहील असं वाटलं. वरण-भात खाऊन झोपला — कुठं आहे तुमचा वरण-भात? हेच म्हणेल. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. लोराकडे पाहत होती.

“नं तू?”

लोराला कळलं नाही. सत्यभामेनं पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली. “तू खाल्लं का?”

“नाही.”

“दिवसभर?”

“नाही. दुसरा दिवस… नाही.”

सत्यभामेनं हात पदराला पुसला. डब्यातून गुळाचा खडा काढला, त्यावर मूठभर भिजलेली डाळ, आणि लोराच्या तळहातावर ठेवलं. “खाय.” लोरा खात होती आणि रडत होती. आतल्या खोलीत गेली नाही. तिथंच, आमच्या दोघांसमोर, पळसाच्या पानांवर.

मी उठलो आणि तलावाच्या पाळीपर्यंत चालत गेलो. पाणी फार खाली गेलंय. तिथं उभा राहिलो बराच वेळ. लाज वाटत होती. ज्या पोरीला आमचं बोलणं येत नाही तिनं सांगितलं, आणि ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याचं सांगण्यात गेलं तो पेपर वाचत बसला.

३० एप्रिल, बुधवार. अक्ती.

दोन्ही घागरी सूत गुंडाळून मांडल्या, वर आंबे ठेवले. वडे, कढी, चिंच-गुळाच्या पाण्याची चिंचवणी, कुरड्या, शेवया, आंब्याचा रस. सत्यभामा चारपासून चुलीपाशी. काल रात्री माझ्याशी एक शब्द नाही, आज सकाळीही कामाचंच बोलली — तूप आणा, निखारे काढा.

प्रितम अंघोळ करून नवीन बनियन घालून आला. मी त्याचे पाय धुतले. गार पाणी होतं, तो शहारला. मला त्याचे पाय पाहवले नाहीत. पाटावर बसला, समोर पत्रावळ.

तेवढ्यात सत्यभामेनं दुसरा पाट आणला आणि प्रितमच्या शेजारी ठेवला. लोराचा हात धरून तिला बसवलं.

मनकर्णाबाई दारातच होती. “अवो सत्यभामाबाई! बाईमाणूस कुठं पितर बसते का? तेही पोट्ट्याच्या जागी? नं जितीजागती बायको त्याची!”

“पितर नाही. भुकेली बसवून राहिली मी.”

“असं नाही राहत वो रीतीत.”

“नसन राहत. दोघं संगं उपाशी होते त्या दिवशी. एकाले वाढू नं एकाले नाही, असं जमते का तुमच्या घरी?”

मनकर्णाबाई काही बोलणार होती. प्रितम मध्येच म्हणाला, “बसू द्या ना काकी, मी सरकून घेतो. धर्म्या बी बेंचवर असाच सरकत होता. फक्त माह्या पानातले वडे तिकडं नका सरकवू!”

हसू आलं सगळ्यांना. मनकर्णाबाईलाही. ती आत आली आणि स्वतःच चिंचवणी वाढायला घेतली. लोराच्या द्रोणात ओतताना म्हणाली, “पी पोरी. गर्मी आहे.”

निखाऱ्यावर तूप आणि घास सोडला. मी धर्मेंद्रचं नाव घेतलं. आजोबांच्या, पणजोबांच्या नावांनंतर. पुढच्या वर्षी त्याचं वेगळं पान वाढायचं नाही, सगळ्यांसोबतच. आवाज ठीक निघाला.

प्रितम नऊ वडे जेवला. लोरा चार. तिला हातानं खाणं जमत नाही, रस कोपरापर्यंत गेला. सत्यभामा समोर बसून वाढत होती. नको म्हटलं तरी वाढायची. लोरानं पानावर दोन्ही हात आडवे धरले, तशी बोटांच्या फटीतून वाढली. पान संपेपर्यंत उठू दिलं नाही.

शेवटी लोरा मला म्हणाली, इंग्रजीत, “बाबूजी, व्हिएन्नात दुकानं बंद होती त्यात त्या लोकांची चूक नव्हती. सगळे आपापल्या घरी जेवत होते. मी खिडक्यांमधून पाहिलं होतं. आमचंच घर नव्हतं तिथं.”

हे सत्यभामेला मराठी करून सांगितलं. सगळं. एक शब्द न गाळता.

१ मे, गुरुवार

सत्यभामा नेहमीसारखी. चहा दिला, बीपीची गोळी दिली. रविवारचं काही विचारत नाही. विचारलं असतं, भांडली असती तर बरं! ही गप्प राहते ते सोसत नाही. मी वर्षभर खोटं बोललो हे तिला कळून दोन दिवस झाले.

दुपारी प्रागचं गाळलेलं वाक्य मराठी करून सत्यभामेला सांगितलं, लोरासमोर. माझे बाबा हसत नाहीत ते. सत्यभामा म्हणाली, “बरोबरच सांगे.”

२ मे, शुक्रवार

लोरा गेली. प्रितम सोडायला गेला नागपूरला. जाताना दोघी गळ्यात पडून रडल्या. मोठ्यानं. भिंतीपलीकडून मनकर्णाबाईही.

लोरानं वही सत्यभामेला दिली. सत्यभामेला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही. तिनं ती कडुलिंबाचा पाला घालून तांदळाच्या पेटीत ठेवली, कीड लागू नये म्हणून. माझ्याकडे वाचायला दिली नाही.

गाडीत बसताना लोरानं माझ्याकडे पाहिलं. थँक्यू म्हणाली नाही. मी हसून पाहिलं. जमलं की नाही कोण जाणे. ती काचेतून बराच वेळ पाहत होती.

३ मे, शनिवार

आज जेवताना शेवटी मीच काढलं. म्हणालो, “मी तुला वरण-भात म्हणून सांगितलं होतं. ते खोटं होतं.”

सत्यभामा म्हणाली, “धर्मू वरण कधी खातच नोहता जी. दुसरीत उलटी झाली तवापासून. तुमी म्हटलं, तवाच समजलं मले. तुमचा जीव लागला होता त्या वरण-भातात, म्हणून म्हटलं, असू द्या.”

‘पोटभर जेवून गेला माझा लेक’ — वर्षभर लोकांना सांगायची. प्रत्येक वेळी मी जवळ बसलेला असायचो.

तिनं पातेलं जवळ ओढलं. माझ्या ताटात वरण वाढलं. थोडं जास्तच.